लहान बशीचा कैवार

आमच्या सुशिक्षित वर्गातील मंडळी परदेश पाहून परत आली की पुढे काही महिने त्यांच्या संभाषणास एक विशिष्ट दरवळ येत असतो. पूर्वी तो विलायतेचा असे. अलीकडे तो बहुधा इटलीचा असतो. त्यातही व्हेनिस पाहून आलेल्या एखाद्या गृहस्थाच्या दिवाणखान्यात तासभर बसण्याचा योग ज्यांस आला असेल, त्यांस 'बाकारो' हा शब्द एव्हाना तोंडपाठ झाला असेल. बाकारो म्हणजे त्या नगरीच्या अरुंद बोळांतून जागोजाग आढळणारे लहानसे पेयगृह. तेथे काचेच्या कपाटात एका घासाचे, फार तर दोन घासांचे पदार्थ मांडून ठेविलेले असतात आणि त्यांस 'चिकेत्ती' असे म्हणतात. तेलात घोटघोटून लोण्यासारखा मऊ केलेला आणि पावाच्या चकतीवर थापलेला सुका कॉड मासा. कांदा, शिरका व मनुका यांत मुरविलेल्या तारल्या. उकडलेले अर्धे अंडे. तळलेले खिम्याचे गोळे. सोबतीस द्राक्षासवाचा लहानसा पेला. ह्या पेल्यास तेथे 'ओंब्रा', म्हणजे सावली, म्हणतात. त्याची आख्यायिका अशी की, सेंट मार्कच्या चौकातील मद्यविक्रेते ऊन फिरेल तसतशी आपली मांडणी तेथील उंच घंटाघराच्या सावलीत सरकवीत नेत. गिऱ्हाइकाने उभ्याउभ्याच एक तुकडा खावा, पेला रिता करावा, पैसे चुकते करावेत आणि पुढच्या बोळातील दुसऱ्या दुकानी जावे. बरोबर वाटाड्या नको. आणि हाती नकाशा असला तरी त्या बोळांत तो फारसा उपयोगी पडत नाही. रिआल्तोच्या बाजारानजीक 'दो मोरी' नावाचे एक दुकान आहे, ते आपला जन्म १४६२ सालचा सांगते. अशा पाच-सहा दुकानी पाच-सहा बश्या खाल्ल्या की गृहस्थाचे जेवणही होते आणि त्याला ते नगरही थोडेसे कळते.

ही चाल उत्तम आहे याविषयी आमचे दुमत नाही. मद्याचा प्रश्न आम्ही येथे बाजूस ठेवतो; आमचा कैवार पेल्याचा नसून बशीचा आहे. जो माणूस अनोळखी गावात स्वतःच्या पायांनी हिंडतो, परक्याच्या शेजारी खांद्यास खांदा लावून उभा राहतो, थोडे खातो आणि पुढे चालू लागतो, त्यास त्या गावाची जी ओळख होते ती इमारतींच्या याद्या पाठ करून होत नाही. व्हेनिसची तारीफ करणाऱ्या गृहस्थाशी आमचे भांडण वेगळ्याच ठिकाणी आहे. ते त्याच्या व्हेनिसशी नाही. त्याच्या अकलोलीशी आहे.

अकलोली हे ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठी वसलेले गाव. येथे गरम पाण्याचे झरे आहेत आणि त्यांवर बांधलेली कुंडे आहेत. देवीने मारलेल्या दैत्यांच्या रक्ताने हे पाणी तापले अशी लोककथा भाविक सांगतात. रसायनशास्त्राचा विद्यार्थी पाण्यास येणाऱ्या वासावरून गंधकाची आठवण करून देतो. चालत जाण्याजोग्या अंतरावर वज्रेश्वरीचे देऊळ आहे. त्याच्या तटबंदीचा आणि पायऱ्यांचा संबंध चिमाजी आप्पांच्या नवसाशी व १७३९ सालच्या वसईच्या विजयाशी जोडला जातो. पलीकडे नित्यानंदस्वामींच्या वास्तव्याने प्रसिद्धीस आलेले गणेशपुरी आहे. तीन ठिकाणे, मधली वाट, वाटेवर नारळ-फुलांची दुकाने, चहाच्या टपऱ्या, कढईत उसळणारे वडे आणि भजी, उसाच्या रसाची गुऱ्हाळे. उन्हाळ्यात टोपलीत करवंदे व ताडगोळे घेऊन बसलेल्या आदिवासी बाया. बशीबशीने हिंडण्यास ह्याहून सोयीची वाट कोणी मुद्दाम आखू म्हटले तरी आखता येणार नाही.

आणि आमचा व्हेनिसकर गृहस्थ येथे कसा येतो? मोटारीच्या काचा चढवून. भिवंडी केव्हा मागे गेली हे त्यास कळतही नाही. तो थेट एका विश्रामधामाच्या फाटकात शिरतो. तेथे त्याने दोन दिवसांचे सर्वसमावेशक पैसे अगोदरच भरलेले असतात. त्यात राहणे आले, पोहण्याचा तलाव आला आणि तीन वेळचे 'बुफे' आले. फाटकावर पाटी असते की, बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणण्यास मनाई आहे. ही पाटी आता इतकी सर्वत्र झाली आहे की तिचा अर्थ कोणी वाचीत नाही. आतील माणसाने बाहेरच्या गावाशी काडीचाही व्यवहार करू नये, असाच तो अर्थ आहे. पनीर, नूडल्स व गुलाबजाम यांचा ढीग एकाच मोठ्या ताटात रचून हा गृहस्थ दोन दिवस काढतो आणि परत येऊन सांगतो की अकलोलीत 'तसे पाहण्यासारखे काही नाही'. पावसाळ्याच्या आरंभी ह्याच मुलखात शेवळे उगवतात. घशास खाज सुटू नये म्हणून काकड्याची आंबट फळे घालून शिजविलेली त्यांची भाजी हे ठाणे जिल्ह्याचे खरे लेणे आहे. ती ह्या गृहस्थाच्या ताटात कधी पडली असेल असे आम्हांस वाटत नाही. भिवंडीच्या बाजारात शेवळांच्या जुड्या मांडलेल्या असतात त्यावेळी त्याची मोटार वळणरस्त्यावरून सुसाट निघून गेलेली असते.

यावर पहिला आक्षेप ठरलेलाच आहे: अहो, तेथे स्वच्छता नसते! आक्षेप खोटा नाही, म्हणून त्याचे उत्तर टाळूनही चालणार नाही. परंतु स्वच्छता ही व्हेनिसच्या माणसाच्या रक्तात असते आणि अकलोलीच्या माणसाच्या नसते, असे तर आक्षेपकांसही म्हणावयाचे नसेल. स्वच्छतेस वाहते पाणी लागते, सांडपाण्यास वाट लागते, कचरा उचलून नेणारी गाडी लागते. ह्या तीन गोष्टी टपरीवाला आपल्या पदरच्या पैशाने आणू शकत नाही. त्या गावाने आणावयाच्या असतात, आणि गाव त्या कोणाच्या मागणीवरून आणते हे आपण सर्वजण जाणतो. बोलता-लिहिता येणारा वर्ग ज्या जागी स्वतः खात नाही त्या जागी नळ यावा म्हणून तो एक अर्जही लिहीत नाही. २००६ च्या अन्नसुरक्षेच्या कायद्याने लहानात लहान खाद्यविक्रेत्यासही नोंदणीची अट घातली आणि २०१४ च्या पथविक्रेत्यांच्या कायद्याने त्याच्या उपजीविकेस संरक्षण देऊ केले. नोंदणीचा कागद टपरीवर लावलेला आहे काय हे विचारणारा गिऱ्हाईक आला तर पहिला कायदा जिवंत होईल. टपरी उठवू नका म्हणणारा गिऱ्हाईक आला तर दुसरा. दोन्ही गिऱ्हाइके सध्या फाटकाच्या आत बुफेच्या रांगेत उभी आहेत.

तशात, डोळ्यांदेखत उकळलेला चहा आणि डोळ्यांदेखत तळलेला वडा यांपेक्षा सकाळी रांधून संध्याकाळपर्यंत मंद आचेवर ठेविलेला बुफेतील पदार्थ अधिक आरोग्यकारक कसा, हे आम्हांस कोणा वैद्याकडून समजून घ्यावयाचे आहे. पाण्याविषयी म्हणाल, तर मुंबई शहर १८९२ पासून ह्याच तानसेवर बांधलेल्या धरणाचे पाणी पीत आले आहे. मुंबईकराने तानसेच्या काठी येऊन बंद बाटली फोडावी यात काही विनोद आहे असे कोणास वाटत नसेल तर त्यास आमचा इलाज नाही.

आता दुसऱ्या वर्गाकडे वळू. हा वर्ग टपरीस नाक मुरडीत नाही. उलट तो टपरीचा भक्त आहे. त्याच्यापाशी याद्या असतात. कोणत्या पेठेत कोणती मिसळ, कोणत्या नाक्यावर कोणता वडा, कोणता पदार्थ मरण्यापूर्वी खाल्लाच पाहिजे, हे सर्व त्याने दूरध्वनीच्या पडद्यावर वाचलेले असते. शहरांतून हल्ली पैसे घेऊन 'खाद्यभ्रमंती' घडवून आणणारे लोकही निघाले आहेत. दहा-बाराजणांचा जथा, पुढे वाटाड्या, प्रत्येक दुकानी पंधरा मिनिटे, इतिहासाची दोन वाक्ये, छायाचित्र, पुढे चला. पुण्याच्या पेठांतून आणि मुंबईच्या गिरगावातून असे जथे हिंडताना दिसतात. व्हेनिसच्या चालीचे हे आमच्याकडील रूप असे त्याचे समर्थन केले जाते.

आमच्या मते हे त्या चालीचे नेमके उलटे रूप आहे. बाकारोत जाणारा माणूस गिऱ्हाईक म्हणून जातो. जथ्यातला माणूस प्रेक्षक म्हणून येतो. सकाळी साडेआठ वाजता ज्या बाकावर दोन हमाल, एक कारकून आणि शाळेत निघालेला एक मास्तर दाटीवाटीने बसून पाच मिनिटांत नाश्ता उरकतात, त्या बाकावर बाराजण पाऊण तास बसले तर हमालास उपाशीपोटी कामावर जावे लागते. बरे, ते बाराजण पोटभर खातात असेही नाही. चार बश्या मागवून त्यांतील एकेक चमचा चाखतात, कारण पुढे अजून सात दुकाने बाकी आहेत. बशी लहान असते ती चाखून टाकून देण्यासाठी नसते. ती लहान असते म्हणून स्वस्त असते, आणि स्वस्त असते म्हणून खिशात थोडे पैसे असलेला मनुष्य तेथे येऊ शकतो. जथ्याच्या शौकापायी हाच मनुष्य जर बाकावरून उठविला गेला, तर मागे उरतो तो पदार्थ. बशीचे मर्म गेलेले असते.

दुकानदाराचा यात फायदाच नाही काय, असे कोणी विचारील. आरंभी फायदा होतो. रांग लागते, नाव होते, कोणीतरी चित्रफीत काढून जगभर पसरवितो. परंतु दारातली रांग दुकानदाराच्या आधी जागेच्या मालकास दिसते. भाडे वाढते, भाड्यामागून भाव वाढतो, भावामागून पदार्थही नटू लागतो. वड्याच्या पोटात चीज शिरते, मिसळीवर पनीर येऊन बसते. (मिसळीत पनीर घालण्याची कल्पना प्रथम ज्यास सुचली त्याचे नाव इतिहासाने जपून ठेवावे, म्हणजे पुढील पिढ्यांस दोष कोणास द्यावा हे कळेल.) वीस वर्षे रोज येणारा गिऱ्हाईक एक दिवस भाव विचारतो आणि दुसऱ्या दिवसापासून येत नाही. पुढे शौकिनांची लाट दुसऱ्या दुकानाकडे वळते. तेव्हा ह्या दुकानापाशी ना जुने गिऱ्हाईक उरलेले असते, ना नवे.

ही आमची कल्पनेची भरारी आहे असे वाटत असेल तर त्याच व्हेनिसकडे पाहावे, कारण तिचे नाव घेणारे तिची ही बाजू सांगत नाहीत. पाण्याने वेढलेल्या त्या जुन्या नगरीत १९५१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे राहात होती. ऑगस्ट २०२२ मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली उतरला. घरे प्रवाशांस भाड्याने देणे रहिवाशांस देण्यापेक्षा किफायतशीर झाले, आणि रहिवासी खाडीपलीकडच्या मुख्य भूमीवर निघून गेले. एप्रिल २०२४ पासून तर गर्दीच्या ठराविक दिवशी, केवळ दिवसापुरत्या येणाऱ्या प्रवाशास गावात शिरण्यासाठी पाच युरोंचा कर बसविण्यात आला. पुढील वर्षी असे दिवसही वाढविले आणि आयत्या वेळी येणाऱ्यास दुप्पट दर लावला. म्हणजे एका चालत्या-बोलत्या गावास संग्रहालयाप्रमाणे तिकीट लागले. चिकेत्तीची कपाटे अजून भरलेली आहेत. पण त्या कपाटापुढे पूर्वी कोळी, नावाडी आणि बाजारातला भाजीवाला उभा राहात असे, त्याची जागा आता कोण घेत आहे? आमचा गृहस्थ ज्या शेजाऱ्याच्या खांद्यास खांदा लावून उभा राहिल्याचे मोठ्या कौतुकाने सांगतो, तो शेजारीही बहुधा त्याच्यासारखाच कोठून तरी आलेला प्रवासी असतो.

एवढ्याशा बशीसाठी एवढा आवेश कशाला, असे वाटणाऱ्यांस आमच्याच प्रांताचा इतिहास स्मरत नाही, असे म्हणावे लागते. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, शहरातील इतर कित्येक प्रतिष्ठित गृहस्थ होते. कोणी चहा प्याला, कोणी पेला नुसता ओठास लावला, कोणी तो बाजूस सारला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून प्रसिद्ध करविली आणि पुण्यात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली, घराघरांत फूट पडली. आज ज्यांच्या नावाने रस्ते आहेत त्या माणसांस एका कपाचा जाब द्यावा लागला. पुढे कित्येक वर्षे 'हॉटेलात जाणारा' हे विशेषण आमच्या घरांतून मुलाच्या वर्तनावर ठपका म्हणून वापरले जात असे, आणि आमच्या पणजोबांच्या पिढीतील माणसे मागच्या गल्लीने जाऊन चहा पीत.

हे झाले ज्यांस बशी वर्ज्य होती त्यांचे. ज्यांस ती नाकारली जात होती त्यांचे दुःख कितीतरी खोल होते. गावोगावच्या चहाच्या दुकानांत अस्पृश्य मानलेल्या गिऱ्हाइकासाठी वेगळी कपबशी बाहेर ठेविलेली असे. ती त्याने स्वतःच उचलावी, स्वतःच विसळावी आणि परत तेथेच ठेवावी. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचा नोकर होता. पाण्यास शिवला म्हणून त्यास मारहाण झाली. महाराजांनी त्यास स्वतंत्र धंदा करण्यास साह्य केले, आणि त्याने भर वस्तीत चहाचे दुकान काढले; त्याचे नाव 'सत्यसुधारक'. दुकान काढणे सोपे होते, गिऱ्हाईक मिळणे कठीण. तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी त्या दुकानापुढे थांबवीत, तेथला चहा मागवून पीत आणि बरोबरच्या मानकऱ्यांसही पाजीत. राजा पीत असता मानकरी नाही म्हणणार कसा? एका कपाने जे साधले ते कदाचित दहा हुकूमनाम्यांनी साधले नसते. पुढे १९३३ साली रत्नागिरीत सावरकरांनी सर्व हिंदूंस खुले असे उपाहारगृह उघडविले. अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजने घातली. माणसे एका पंक्तीस बसतात की नाही, हीच त्या काळी समाजसुधारणेची कसोटी होती, आणि पक्वान्नाच्या पंक्तीपेक्षा चहाच्या बाकावर ती कसोटी रोज लागत असे.

मुंबईत इराण्यांच्या हॉटेलांनी हे काम कोणताही गाजावाजा न करता केले. धोबी तलावाजवळचे 'कयानी' १९०४ सालचे, बॅलार्ड पियरचे 'ब्रिटानिया' १९२३ चे. संगमरवरी मेज, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रुन-मस्का आणि पाणी कम चहा. तेथे शेजारच्या खुर्चीवर कोण बसावे हे गल्ल्यावरचा माणूस ठरवीत नसे. रिकामी खुर्ची ठरवीत असे. शेकड्यांनी असलेली ही हॉटेले आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांतील प्रत्येक बंद पडताना वर्तमानपत्रांतून मोठे हळवे लेख आले. ते लिहिणारे तेथे शेवटचे केव्हा गेले होते, हे मात्र त्या लेखांत नव्हते. तीच गोष्ट गिरणगावच्या खाणावळींची. गिरणी कामगारांस डबा घालणाऱ्या बायांस सावकाराच्या कचाट्यातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. पुढे १९८२ च्या संपानंतर गिरण्याच राहिल्या नाहीत. त्या जागी आज जे टोलेजंग उभे आहे तेथे 'छोट्या बश्या' ह्याच नावाखाली, खानावळवाल्या बाईच्या महिन्याच्या हिशेबाइतक्या दराने, चार घास मिळतात. शब्द तेवढा व्हेनिसहून आला.

म्हणून अकलोलीचा प्रश्न आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. भारताच्या संविधानाचा पंधरावा अनुच्छेद वाचकांनी एकदा मुळातून वाचावा. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणासही दुकाने व सार्वजनिक उपाहारगृहे यांत येण्यास अडविता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. आणि त्याच दमात विहिरी, तलाव व स्नानाचे घाट यांचा उल्लेख आहे. ज्या समितीने हा मसुदा केला तिच्या अध्यक्षांनी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. बाकावरची बशी आणि तळ्याचे पाणी हे एकाच हक्काचे दोन भाग आहेत हे त्यांस कोणी शिकवावयास नको होते. अकलोलीत हे दोन्ही भाग शेजारीशेजारी नांदतात. कुंडात उतरलेला मनुष्य कोण आहे हे पाणी विचारीत नाही, आणि ओल्या केसांनी बाहेर येऊन टपरीवर चहा मागणारास टपरीवालाही विचारीत नाही. यात्रेच्या दिवशी तेथे जो मेळ जमतो त्यात आगरी, कोळी, वारली, भिवंडीचा मागवाला आणि मुंबईचा कारखानदार एकाच कढईतले वडे खातात. हे दृश्य फार जुने नाही. ते येण्यास पिढ्यान्‌पिढ्यांचे अपमान सोसावे लागले आहेत. पैसे भरणारासच आत घेणारे फाटक हे कायद्याने मना केलेले नाही, हे आम्ही जाणतो. अनुच्छेदात जातीचा उल्लेख आहे, दराचा नाही. पण जे जातीने फार काळ राखले ते आता दराने राखले जावे, आणि त्यास 'विश्रांती' म्हणावे, एवढे आमच्याने होत नाही.

मग करावे काय? मोटार घरी ठेवून यावे. भिवंडीहून अथवा वसईहून एस. टी. ने यावे. भिवंडीस उतरलात तर तेथेच फेरी सुरू करावी, कारण मागांच्या खडखडाटात जगणाऱ्या ह्या शहरात तेलंगणातून आलेला पद्मशाली आहे, उत्तर प्रदेशातून आलेला विणकर आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचा कोकणी मुसलमान आहे, आणि प्रत्येकाचे आपले दुकान, आपली भट्टी आणि आपली कढई आहे. 'अस्सल मराठी पदार्थ' शोधीत निघालेला मनुष्य हे सर्व वगळून पुढे जाईल. तो भिवंडी वगळून भिवंडी तालुका पाहणार. नंतर वज्रेश्वरीस उतरावे आणि तेथून पायी चालावे. एका ठिकाणी एकच बशी घ्यावी व ती संपवावी. बाकावर जागा नसेल तर उभे राहावे. कोणी उठला की बसावे, कोणी ताटकळत असेल तर उठावे. चारांहून अधिक जण बरोबर असतील तर दोन टोळ्या कराव्यात आणि वेगवेगळ्या टपऱ्यांवर जावे. शेजाऱ्याच्या बशीचे छायाचित्र काढू नये. तो आपल्या भुकेसाठी खात असतो. भावाची घासाघीस करू नये, पण भाव विचारण्याची लाजही बाळगू नये. पाणी कोठून आणता हे टपरीवाल्यास विचारावे. तो हंडे वाहून आणीत असेल, तर घरी गेल्यावर ग्रामपंचायतीस एक पत्र लिहावे, आणि ते लिहिताना हाती असलेले वक्तृत्व व्हेनिसवर खर्च न करता नळावर खर्च करावे.

मुलांस बरोबर न्यावे की नाही असे काही गृहिणी विचारतील. अवश्य न्यावे. ज्या मुलाने लहानपणी अनोळखी माणसाच्या शेजारी बसून बशीतला चहा फुंकून प्याला आहे, त्यास पुढे माणसांत वावरण्याचे शिक्षण वेगळे द्यावे लागत नाही. पोट बिघडेल ही भीती असेल तर कापून ठेविलेली फळे आणि चटणी टाळावी, गरम तेवढे खावे, हा साधा नियम पुरेसा आहे.

येथवर वाचल्यावर काही वाचक आम्हांस निश्चित पत्र लिहितील, आणि त्यात एकच प्रश्न असेल: हे सर्व ठीक, पण वज्रेश्वरीपासून कुंडापर्यंतच्या वाटेवर नेमकी कोणती टपरी चांगली? डाव्या हातची की उजव्या हातची? नाव काय, आणि भजी चांगली की वडा? त्या पत्रांस उत्तर मिळणार नाही. आम्हांस एक टपरी ठाऊक आहे, तिची बाके दोन आहेत आणि ती रोज भरलेली असतात.